दोन हात दिले

१. इन्स्पेक्टर

गुन्हा उघडकीला आला तेव्हा इन्स्पेक्टर जागेवरच होती. असं सहसा होत नाही. पण ही इन्स्पेक्टर पोलिसांतली नव्हती, कारखान्याच्या क्वालिटी विभागातली होती. तिच्याकडे बेड्या नव्हत्या, शिट्टी नव्हती. एक हात होता.

हात म्हणजे मोजणीचा हात. तिपाईवर उभा केलेला, खांदा-कोपर-मनगट सगळं असलेला, सात सांध्यांचा पांढरा दांडा, आणि टोकाला सहा मिलिमीटरची माणकाची लाल गोळी. ही गोळी भोकाच्या आतून सात-आठ ठिकाणी टेकवायची. गोळीचा मध्य कुठेकुठे जाऊन आला ते हाताला आपल्या सांध्यांवरून कळतं. त्यात गोळीची जाडी धरली की शेजारचा लॅपटॉप भोकाचा व्यास सांगतो. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते म्हणेपर्यंत चहा निवायचा, म्हणून कारखान्यात सगळे त्याला नुसतं 'हात' म्हणत. त्यामुळे तिथे रोज अशी वाक्यं कानावर पडायची की बाहेरच्या माणसाने घाबरून पळ काढावा. "मॅडमचा हात पेटीत भरून ठेवा." "हात उद्या दुरुस्तीला जाणार, बाकीच्या मॅडम इथेच आहेत."

त्या दिवशी सकाळी दहा वाजता हाताने जे सांगितलं, ते इन्स्पेक्टरने तीनदा वाचलं.

समोर एका मोठ्या पंपाची बैठक होती. जाडजूड पोलादी चकती. मधे तीनशे मिलिमीटरचं भोक, त्याभोवती वर उचललेली तीनशे ऐंशीची कॉलर आणि बाहेरच्या कडेला चाळीसची आठ भोकं. हात म्हणत होता, मधलं भोक दोनशे नव्व्याण्णव पूर्णांक नव्वद. आठही भोकं एकोणचाळीस पूर्णांक नव्वद. कॉलर मात्र तीनशे ऐंशी पूर्णांक दहा. म्हणजे भोकं लहान, कॉलर जाड, आणि सगळीकडे तोच मिलिमीटरचा दहावा हिस्सा. केसाएवढा. पण या जॉबला केसाएवढी चूकही चालणार नव्हती.

हात तर ठीक होता. तिने सकाळीच त्याची तपासणी केली होती. गोळी एका खोलगट खाचेत बसवायची आणि कोपर सगळीकडून फिरवून बघायचं, की गोळीचा मध्य जागचा हलत तर नाही ना. हलला नव्हता. शिवाय रोज ती एक मास्टर रिंगही मोजायची, अगदी अचूक पन्नासची. पण काल स्टोअरची वार्षिक मोजदाद झाली होती आणि रिंगच्या कपाटाला सील होतं, म्हणून आज रिंग राहिली. बाकी सगळं रोजच्यासारखं. उलट लाल गोळी आज जरा जास्तच चमकत होती. तिला वाटलं, चला, कुणीतरी पुसली.

तिने नियमाप्रमाणे 'नापास'चा कागद भरला, खाली सही केली आणि मगच जॉब करणाऱ्याचा रकाना वाचला.

तिथे तिच्या सासऱ्यांचा नंबर होता.

सासऱ्यांना कारखाना 'भोपळेबाबा' म्हणायचा. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर दरवर्षी कुणाचे किती जॉब नापास झाले ते लिहीत. बाबांच्या नावापुढे अडतीस वर्षं भोपळा होता. शाळेत भोपळा मिळाला की कान पिळतात. इथे त्याची पदवी झाली होती. आणि आज बाबांचा शेवटचा दिवस. चार वाजता निरोपाचा कार्यक्रम, चारलाच बैठक न्यायला ट्रक. शेवटचा दिवस, शेवटचा जॉब, आणि त्यावर नापासची सही घरच्या सुनेची.

पुन्हा एकदा नीट बघावं म्हणून ती बॅटरी घेऊन आठव्या भोकावर वाकली. आतल्या कडेला एक बारीक लाल डाग होता.

"रक्त," मागून कुणीतरी म्हणालं.

२. चुकून

मागे फोर्कलिफ्टवाला होता. त्याला चुकूनदादा म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'चुकून'ने सुरू व्हायचं.

"रक्त वाळलं की काळपट पडतं," ती म्हणाली. "हे लालभडक आहे."

"चुकून ताजं असेल."

"दादा, एक विचारू? काल तुम्ही माझ्या हाताला धक्का दिलात का?"

चुकूनदादाने टोपी काढली. गुन्हा कबूल करायची ही त्याची पद्धत होती. गेल्या वर्षी गेट पडलं तेव्हाही त्याने आधी टोपीच काढली होती.

"चुकून लागला. फोर्क नाही, कोपर. माझं कोपर त्याच्या कोपराला. मी सॉरीपण म्हटलं."

"कुणाला?"

"हाताला. दुसरं होतं कोण तिथे?"

तिने पुन्हा गोळी खाचेत बसवून हात चहूबाजूंनी फिरवला. गोळीचा मध्य तसूभरही हलला नाही. कोपर शाबूत, मनगट शाबूत. दादा निर्दोष सुटला आणि जरा हिरमुसला. इतकी कबुली देऊन कुणी सोडून दिलं की माणसाला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात नापासचा कागद घेऊन स्लाइडसाहेब आले. हे सहा महिन्यांपूर्वी लागलेले इंजिनियर. पडदा असो-नसो, ते बोलताना हवेत स्लाइड बदलत.

"परिस्थिती स्पष्ट आहे," ते म्हणाले आणि हवेत बोट फिरवलं. "भोकं लहान, कॉलर जाड. म्हणजे काय? सगळीकडे धातू शिल्लक राहिला. बाबांनी कमी कापलं. वय झालं, नजर गेली. पुढची स्लाइड. उपाय सोपा आहे, दहावा हिस्सा अजून कापायचा. मी मालकीणबाईंची परवानगी घेतली. बैठक परत मशीनवर चढवा. तीन वाजता कट."

"आधी अजून एकदा खात्री करू या का?"

"मॅडम, जॉब नापास तुम्हीच केलात. आता खात्री करायची म्हटलं तर लोक म्हणतील, सासऱ्याला सांभाळून घेतेय."

हे मात्र खरं होतं.

चुकूनदादाने बैठक फोर्कवर उचलली. ती जाताना बघून तिच्या मनात एक विचार आला. हात बरोबर असेल तर तीन वाजता जॉब सुधारेल. पण हात चुकत असेल, तर आत्ता जॉब सोन्यासारखा आहे आणि तीन वाजता तो बिघडेल. कापलेलं पोलाद काही परत चिकटत नाही.

आणि तो बिघडवणार होते खुद्द बाबा.

३. बाबांचा जबाब

घरी 'बाबा' आणि 'सूनबाई', कारखान्यात 'ऑपरेटर' आणि 'इन्स्पेक्टर मॅडम', असा दोघांचा करार होता. पहिल्या दिवशी बाबांनीच तो केला होता आणि त्यावर सासूबाई आठवडाभर हसत होत्या.

बाबा उभ्या लेथपाशी बैठक चकवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीवर, बसवत होते. घाई नाही, कुरबूर नाही. चष्मा कपाळावर.

"बसा मॅडम."

"बसायला काही नाहीये इथे."

"म्हणून तर म्हटलं. कुणी बसत नाही, काम होतं."

"बाबा..." ती म्हणाली आणि करार मोडल्याबद्दल जीभ चावली. "ऑपरेटर, तुम्ही स्वतः मोजलं होतं ना?"

बाबांनी खिशातून फडकं काढलं, हात पुसले आणि लाकडी पेटीतला मायक्रोमीटर न काढताच पेटी थोपटली. "तीनदा. तिन्ही वेळा तीनशे. कॉलर तीनशे ऐंशी."

"मग तसं साहेबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझा हात अडतीस वर्षांचा, तुझा हात सहा महिन्यांचा. दोन हातांचं भांडण लागलं तर नव्याचं ऐकावं. चष्म्याचा नंबरही वाढलाय, तू म्हणतेस ना, पेपर आता लांब धरून वाचतो मी." ते हसले. "आणि सूनबाईने मोजलंय म्हणजे नीटच मोजलं असणार. मी घरी सगळ्यांना सांगतो, आमच्या सुनेचं माप चुकत नाही."

रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. विश्वास टाकलेल्या माणसापुढे उभं राहणं फार कठीण.

"कॉलर कधी केलीत? कशाने?"

"कॉलर सोमवारी, बाहेरच्या टूलने. मोठं भोक मंगळवारी, बोअरिंग बारने. आठ भोकं बुधवारी, ड्रिल मारून वरून रीमर फिरवला." त्यांनी चकचकीत रीमर उचलून दाखवला. "चाळीसचा. माझ्या लग्नाच्या मानाने अगदी नवीन आहे."

तिने ते तिन्ही दिवस वहीत लिहून घेतले. त्यात काहीतरी टोचत होतं, पण काय ते सापडेना. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं.

४. लाल नखं

लाल डागाचा माग काढत ती ऑफिसात गेली. मालकीणबाई फोनवर कुणालातरी भिंतीवरचं घड्याळ वेळेत पोचवायला सांगत होत्या. निरोपाच्या कार्यक्रमाचं. बोलता बोलता त्यांची बोटं टेबलावर ताल धरत होती.

बोटांची नखं लालभडक होती. आठव्या भोकातल्या डागाचा अगदी तोच लाल.

मालकावर संशय घ्यायचा म्हणजे तोही वरिष्ठांना विचारूनच घ्यावा लागतो आणि इथे वरिष्ठ त्याच होत्या.

"बाई, तुम्ही काल जॉबला हात लावला होता का?"

"मी? त्या जॉबला? वीस वर्षांत मी जॉबला हात लावलेला नाही. म्हणून तर कारखाना चाललाय." मालकीणबाईंनी तिच्या नजरेचा रोख पाहिला. "नखं बघतेस? डाव्या हाताची करंगळी राहिलीय. लावता लावता फोन आला, आले तर टेबलावरून बाटलीच गायब. काल दुपारपासून शोधतेय. चोराला दागिने नाही दिसले, नेलपॉलिश दिसलं."

म्हणजे आता दोन गुन्हे झाले. एक दहावा हिस्सा नाहीसा आणि एक बाटली.

"काल दुपारी इथे कोण आलं होतं?"

"मोजदाद होती ना. कुलूपमामा आले होते, खुर्च्या मोजायला."

कुलूपमामा म्हणजे स्टोअरकीपर. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात असं ते मानत: कुलपातल्या आणि चोरीला जाणाऱ्या. ती स्टोअरकडे धावली. स्टोअरला कुलूप. कुलपाला कुलूप. खाली चिठ्ठी: 'दाढ काढण्यास गेलो आहे. तीनपर्यंत येईन. रांग लावू नये.'

खिडकीच्या गजांतून मोजदादीची वही मात्र दिसत होती, उघडीच. तिने मान तिरकी करून वाचायला सुरुवात केली. सुंदर, टपोरं अक्षर. खुर्च्या, शिड्या, नट आवळायचे पाने. मग एक ओळ:

'मोजणीचा हात. नग एक. दोन हात दिले.'

ती ओळ तिने पुन्हा वाचली. हात एकच होता. मग दोन हात दिले कुठून? आणि कुणाला?

५. बरणी

"मला वाटलंच होतं," स्लाइडसाहेब म्हणाले. जेवणाची सुट्टी होती, कँटीनच्या टेबलावर सगळे जमले होते. "पुढची स्लाइड. कारखान्यात दोन हात आहेत. एक खरा, एक खोटा. स्टोअरकीपरने खरा हात बाहेर दिला आणि जागी खोटा ठेवला. आंतरराष्ट्रीय टोळी असणार."

"साहेब, त्यावर माझा नंबर आहे. माझ्याच चहाचा डाग आहे," ती म्हणाली.

"खोटं करणारे डागसुद्धा करतात."

"चुकून दोन हात म्हणजे मामांचे स्वतःचे असतील," चुकूनदादा म्हणाला. "मामांनी काम केलं, दोन हात दिले. मदतीचा हात म्हणतात तसं."

मामांनी कुणाला मदत केली, ही कल्पना कँटीनमधल्या कुणालाच पटली नाही.

घड्याळात अडीच वाजले होते. लेथचा दिवा खिडकीतून दिसत होता. बाबा जेवायला आले नव्हते, टूलला धार लावत होते. तीन वाजता ते सगळीकडे केसाएवढं कापणार आणि अडतीस वर्षांचा भोपळा फुटणार. तोही तिच्या सांगण्यावरून.

समोर चुकूनदादाची बिस्किटाच्या बरणीशी झटापट चालली होती. हात तोंडापाशी अडकला होता.

"बरणी आकसली," तो गंभीरपणे म्हणाला. "कालपर्यंत हात जात होता."

"बरण्या आकसत नाहीत, दादा."

"मग मी चुकून जाड झालो असेन."

"हातमोजा काढा," ती सवयीने म्हणाली.

दादाने बघितलं. हातात कामाचा जाड हातमोजा होता. त्याने तो काढला, हात सुळकन आत गेला आणि तीन बिस्किटं घेऊन बाहेर आला.

तिचा घास हातातच राहिला. हातमोजा घालून बरणीत हात घातला की बरणी लहान वाटते. आणि तोच हातमोजा घालून बरणी बाहेरून धरली की बरणी जाड वाटते. आतून लहान, बाहेरून जाड. भोकं लहान, कॉलर जाड. बरणीत काडीचाही फरक नसतो.

आणि मग दातातली बडीशेपही निघाली. कॉलर एका टूलची. मोठं भोक दुसऱ्या टूलचं. पण आठ भोकं रीमरची. रीमर म्हणजे ठरलेल्या मापाचं हत्यार. ते आंधळ्याने फिरवलं काय आणि डोळसाने काय, चाळीसचा रीमर चाळीसचंच भोक पाडणार. बाबांची नजर गेली म्हणून रीमर काही बारीक होत नाही.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजूनही अडीचच. काटे हलत नव्हते.

"हे बंद आहे का?"

"कालपासून," स्लाइडसाहेब म्हणाले. "म्हणून तर नवीन आणतायत ना. नाही, ते बाबांसाठी. पण यालाही आणायला हवं."

बाहेर लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

६. लाल बटण

इन्स्पेक्टर धावली. कारखान्यात धावायचं नाही असा फलक होता, तो तिनेच लावला होता.

बैठक फिरत होती. टूल कॉलरपासून दोन बोटांवर होतं आणि बाबांचा हात चाकावर. तिने खांबावरचं लाल बटण तळहाताने दाबलं. चक हळूहळू थांबला आणि सगळीकडे इतकी शांतता पसरली की दादाचं बिस्किट चावणं ऐकू आलं.

"बाबा, थांबा."

"थांबलोच," बाबा म्हणाले. "दुसरा इलाज कुठे ठेवलास? सकाळी म्हणालीस कमी आहे, आता म्हणतेस थांबा. घरी हे चालतं, इथे लेखी लागतं."

"लेखी देते. आधी मला गोळी मोजायचीय."

"गोळीने मोजतात," स्लाइडसाहेब धापा टाकत म्हणाले. "गोळी मोजत नाहीत."

"तेच चुकलं, साहेब. बाबा, तुमचा मायक्रोमीटर द्या. लहान."

बाबांनी पेटी उघडली. दादाने हात तिपाईसकट लेथपाशी आणून ठेवला. तिने हाताच्या टोकाची लाल गोळी मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत हळूच धरली आणि तो तसाच बाबांपुढे केला. "तुम्हीच वाचा."

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. हाताच्या अंतरावर धरून बघितलं, मग जवळ आणून बघितलं. "सहा पूर्णांक दहा."

"ही सहाची असते. लॅपटॉप आजही हिला सहाचीच समजतोय. गोळी फुगलीय आणि त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही. भोकाच्या आत ती आधीच टेकते, म्हणून भोक दहाव्या हिश्शाने लहान वाटतं. कॉलरला बाहेरून टेकते, म्हणून कॉलर तेवढीच जाड. जॉब बरोबर आहे. बाबांचा हात बरोबर आहे. चुकला तो माझा."

"पण सकाळची तपासणी?" मालकीणबाई आवाज बंद झाल्यामुळे बाहेर आल्या होत्या. मशीन चालू असेपर्यंत त्या निश्चिंत असत.

"त्यात गोळीचा मध्य हलतो का एवढंच कळतं. हातमोजा घातला म्हणून कोपर दुखत नाही, बाई. गोळी जाड झाली तर ते फक्त रिंग मोजून कळतं. आणि ती मी आज मोजली नाही." हे शेवटचं वाक्य तिने सगळ्यांकडे बघत म्हटलं, लाजेने थोडं हळू, पण पूर्ण म्हटलं.

"माणिक फुगतं?" दादाने विचारलं.

"नाही. त्याने अंगावर काहीतरी चढवलंय. लाल रंगावर लाल, म्हणून दिसलं नाही. त्यातलंच थोडं आठव्या भोकात घासलं गेलं."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू मालकीणबाईंच्या नखांकडे वळल्या. मालकीणबाईंनी हात पदराआड घेतले.

"बाईंनी नाही," ती म्हणाली. "ज्याने केलं, त्याने वहीत स्वतःच्या अक्षरात कबुली देऊन ठेवलीय. आपणच चुकीची वाचली."

त्याच क्षणी गेटातून गालाला रुमाल बांधलेले कुलूपमामा आत आले.

७. दोन हात

"मामा, दोन हात कुणाला दिलेत?" स्लाइडसाहेबांनी झडप घातली. "टोळीचं नाव सांगा."

मामांचं अर्धं तोंड बधिर होतं. "आआआ," ते म्हणाले. "आआआ ओन आआ इये."

"कुठल्या देशात?"

मामांनी कपाळावर हात मारला, खिशातून मागणीची चिठ्ठी काढली, खाली कार्बन घातला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'हाताला दोन हात दिले.'

"हाताला हात कसे देणार?"

बाबा एकाएकी हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट. "अरे, रंगाचे हात," ते म्हणाले. "दाराला रंगाचा एक हात मारला, दोन हात मारले, म्हणतो की नाही? मामाने हाताला रंगाचे दोन हात दिले."

मामांनी मोठ्या समाधानाने मान हलवली. निदान एका माणसाला तरी भाषा येत होती.

पुढचा जबाब त्यांनी लेखी दिला, प्रत्येक चिठ्ठीला नंबर घालून. मोजदादीच्या नियमाप्रमाणे कारखान्याच्या प्रत्येक वस्तूवर लाल खूण करायची असते. स्टोअरमधला रंग संपला होता. ऑफिसच्या टेबलावर लाल रंगाची एक लहान बाटली बेवारस आढळली, तिच्यावर कुठलीच खूण नव्हती, म्हणून आधी तिची वहीत नोंद केली, मग तिच्यातल्याच रंगाने तिच्यावर खूण केली आणि मग कामाला घेतली. मोजणीचा हात पांढराशुभ्र. त्यावर लाल ठिपका वाईट दिसला असता, म्हणून जिथे आधीच लाल होतं तिथेच लावला. एका हाताने फरक दिसेना. म्हणून दुसरा दिला.

"दुसऱ्याने तरी दिसला का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

मामांनी जरा विचार केला आणि लिहिलं: 'नाही. पण नियम पाळला गेला.'

मग त्यांनी सील तोडून मास्टर रिंग काढून दिली. तिने आहे त्या गोळीनेच ती आधी मोजली: एकोणपन्नास पूर्णांक नव्वद. मालकीणबाईंनी पर्समधून नेलपॉलिश काढायची बाटली दिली. कापसाचा बोळा लालेलाल झाला. पुसल्यावरही गोळी लालच राहिली; गुन्हा इतका सफाईदार होता की गुन्हेगारालाही तो दिसला नव्हता. मायक्रोमीटरमध्ये गोळी पुन्हा सहाची भरली.

रिंग: पन्नास.

बैठक चकवरच होती. कारखान्यातली माणसं तिच्याभोवती लग्नातल्यासारखी गोळा झाली. ती एकेक आकडा मोठ्याने वाचत गेली. मधलं भोक, तीनशे. कॉलर, तीनशे ऐंशी. पहिलं भोक, चाळीस. दुसरं, चाळीस. पाचव्यापासून सगळे तिच्याबरोबर म्हणायला लागले. आठव्या भोकातला लाल डाग तिने स्वतः पुसला.

"पुढची स्लाइड," स्लाइडसाहेब पडेल आवाजात म्हणाले, "माझ्याकडे नाहीये."

"मग जाऊन कँटीनच्या घड्याळात सेल घाला," मालकीणबाई म्हणाल्या.

चारला पाच कमी असताना चुकूनदादाने बैठक ट्रकवर चढवली. कुठेही न धडकता. उतरल्यावर तो स्वतःच म्हणाला, "चुकून नीट ठेवली."

नापासच्या कागदाचा प्रश्न मात्र उरला होता. त्यावर सही झाली होती आणि सही झालेला कागद फाडता येत नाही. 'चूक कोणाची' हा रकाना अजून कोरा होता. मालकीणबाई म्हणाल्या, स्टोअर लिही. मामांनी नकाराची चिठ्ठी लिहायला घेतली.

तिने पेन घेतलं आणि लिहिलं: 'मोजणीची. रंग दुसऱ्याने लावला, पण रिंग मी मोजली असती तर दहा वाजता कळलं असतं.' मग ती बाहेर फळ्यापाशी गेली. 'मोजणी विभाग' या ओळीत तिच्या पुढे सहा महिन्यांचा भोपळा होता. तो तिने बोटाने पुसला आणि एक लिहिला. बाबांच्या ओळीतला भोपळा तिने खडूने पुन्हा गिरवला, जरा जाड.

बाबा मागे येऊन उभे होते. हातात मालकीणबाईंनी कार्यक्रमाआधीच दिलेलं भेटीचं घड्याळ, त्यावर बाराच्या आकड्याशेजारी एक ताजा लाल ठिपका. मामांनी ते द्यायच्या आधी नोंदवून घेतलं होतं.

"ऑपरेटर," ती म्हणाली, "मी लेखी माफी मागू का?"

बाबांनी कारखान्याच्या घंटेकडे पाहिलं. चार वाजले. घंटा वाजली आणि त्यांची अडतीस वर्षं संपली, तसा करारही संपला.

"सूनबाई," ते म्हणाले, "अडतीस वर्षं मला ही एकच चिंता होती, की आमच्या घरात कुणाला भोपळा फोडता येतो की नाही. बरं झालं, फोडलास." त्यांनी घड्याळ काखेत मारलं. "चल आता कार्यक्रमाला. आणि घरी सांगू नकोस. मीच सांगणार, जरा वाढवून."